सगळे खिळे कडक बोलले होते

चांदपाशा नालबंदांच्या हिशेबी माणसाला फक्त मागचे दोन पाय असतात. शिरूर अनंतपाळच्या बाजारात, जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक लिंबाचं झाड, जमिनीत अर्धी गाडलेली ऐरण आणि पत्र्याची पेटी. घोडा किंवा बैल आला की त्याला नाल ठोकायचे. कुणी आलं नाही की उकिडवे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायचे आणि निकाल द्यायचे. मोठ्यानं नाही, पण भिंतीपलीकडं मला ऐकू येईल इतपत.

“तहसीलचा बाबू. उजवा मागचा. नवा बूट.”

“हेडमास्तर. डावा मागचा. कंबरेतून. स्कूटरला किक मारून मारून.”

त्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्या सकाळी मोटारसायकल लावून त्यांच्या समोरून ऐटीत चालत गेलो. चाचांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. गुडघ्याच्या खाली तेवढं पाहिलं. मग वरचा एक कटाक्ष. “नये डागदरसाब. दोन्ही मागचे ठीक. मान अकडलेली. उतरंल.”

वीसेक वर्षं झाली त्याला. मान उतरली. कशी उतरली, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी गप्पिष्ट माणूस आहे. लातूरला कुणाच्याही लग्नात पंगती उठल्या की मला मध्ये बसवतात आणि फर्माईश होते, “डॉक्टर, चांदपाशा करा!” मग मी चांदपाशा करतो. टॉवेल कमरेला बांधतो, काडेपेटीच्या चार काड्या ओठांत धरतो आणि एखाद्या नव्या जावयाचा पाय ओढून मांडीवर घेतो. बायका तोंडाला पदर लावतात. जावई आधी लाजतो, मग लोळतो. गोष्ट वरातीच्या घोड्यापाशी येऊन संपते, टाळ्या पडतात, कुणीतरी पान आणून देतं. त्या गोष्टीला पुढं अजून एक गोष्ट जोडलेली आहे. तिच्या तोंडाशी मी नेहमी पान खायला थांबतो.

आज पान नाही. आज पुढं जायचं आहे. पण सवयीप्रमाणं आधी काड्या.

चाचा नाल ठोकताना खिळे ओठांत धरायचे. त्यामुळं त्यांचं बोलणं खिळ्यांच्या संख्येवर असायचं. तोंडात सात खिळे असले की नुसता हुंकार. चार उरले की एखादा शब्द, तोही तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून. शेवटचा खिळा ठोकून झाला की मात्र धरण फुटल्यासारखे बोलायचे. बाजारातली माणसं त्यांना काही विचारायचं असलं तर आधी तोंडाकडं बघून खिळे मोजायची.

आणि हातोडी चालू असताना त्यांना चिडीचूप लागायचं. समोर कुणी बोललं तर हातोडी हवेत थांबायची, तो माणूस गप्प होईपर्यंत. मी एकदा विचारलं, “चाचा, हे काय नमाज आहे का?”

“खिळा बोलतो, साब,” ते म्हणाले. “बरोबर वाटेनं चालला तर कडक बोलतो. टण्, टण्. आत मऊ जागेकडं वळला, की आवाज दबतो. मग ताबडतोब काढायचा. घोडं नंतर बोलंल, लंगडून बोलंल. खिळा त्याच्या आधी बोलतो. पण तुमी लोकं आईकू देत नाहीत ना!”

एकदा शिवराजअप्पांना त्यांनी असंच गप्प केलं. शिवराजअप्पा म्हणजे आमच्या गावचे आडत व्यापारी, गळ्यात सोन्याच्या साखळीत लिंग, अंगावर कडक इस्त्रीचा झब्बा, आणि सगळ्या पंचक्रोशीत ज्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही असा माणूस. त्यांची हरणी नावाची घोडी होती. काठेवाडी रक्ताची, बदामी रंगाची, आणि चाल अशी की पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर थेंब सांडू नये. माळेगावच्या जत्रेत तिला चालीच्या स्पर्धेत उतरवायचं होतं. जत्रेच्या चार दिवस आधी चाचा तिला नवे नाल ठोकत होते. अप्पांचे सोयरे उदगीरहून आले होते, घोडी बघत गोल करून उभे होते, आणि अप्पा मोबाइलवर कुणाला तरी तुरीचा भाव सांगत होते. हातोडी हवेत थांबली. अप्पांना कळलं नाही. शेवटी चाचांनी तोंडातले तीन खिळे हातावर काढले आणि म्हणाले, “अप्पा, चुप!”

सोयरे हसले. अप्पाही हसले, पण फोन खिशात टाकताना त्यांचे कान लाल झाले होते. ते लाल कान ध्यानात ठेवा.

मी पुस्तकातून घोडा शिकलो होतो आणि चाचा घोड्याखालून. घोडं अचानक मागच्या पायानं लंगडायला लागलं की मी थेट कंबरेला हात घालायचो. मांड्यांचे स्नायू, खुबा, मणका, मोठमोठे शब्द. चाचा भिंतीवरून डोकावून म्हणायचे, “साब, खुरापासून सुरू करा. कंबर कुटं पळून जात नाही.”

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी घोडं आपल्यापासून लांब चालवत न्यायचं आणि मागून बघायचं. ज्या बाजूचा खुबा झटक्यानं जास्त वर उडतो, तो पाय दुखरा. मग मऊ मातीवरून कडक जमिनीवर आणायचं. कडक जमिनीवर लंगडणं वाढलं तर दुखणं बहुतेक खुरातच. मग खुराला हात लावायचा, उलटा हात, मागची बाजू. “तळवा खोटं बोलतो,” म्हणायचे, “काम करून करून त्याचं कातडं झालं. पाठमोऱ्या हाताला गरम-थंड कळतं.” मग गुडघे टेकून खूर मांडीवर घ्यायचं, तळव्यातलं शेण-माती नखाइतकीही न ठेवता खरवडायची, आणि मगच पकडीनं दाबून बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखऱ्या पायाइतकंच दुसऱ्या पायालाही दाबून बघायचं.

“शेजाऱ्याला विचारा, साब. पोलीस काय करतात? एकट्याला झोडतात, तो कबूल होतो. शेजारी बी तितकंच दाबल्यावर पाय ओढला, तर त्याचा अर्थ घोडं भित्रं हाय, दुखरं न्हाई.”

मी हसायचो. दोन वर्षांत मात्र त्यांची पद्धत चोरून उचलली, आणि कुणी बघत असेल तर ती त्यांच्यापेक्षा जास्त नाट्यानं करून दाखवू लागलो.

आता वरात.

गावातलंच लग्न होतं. मीही पाहुणा, पांढरी पँट, गुलाबी फेटा. वरात चौकात आली आणि नवरदेवाचा घोडा थांबला. त्याचा डावा मागचा पाय मागं ताठ पसरला होता, खुंटी ठोकल्यासारखा. पुढं पडेना, वाकेना. घोडेवाला ओढतोय, घोडा तीन पायांवर झुलतोय, वर नवरदेव सेहऱ्यातून “अण्णा! अण्णा!” करून ओरडतोय, आणि बँडवाले, त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही म्हणून, वाजवून राहिलेत.

“डॉक्टर! डॉक्टर कुटं हाय?”

डॉक्टर पुढं झाले. डॉक्टरांनी कंबरेला हात घातला. “लकवा आहे,” मी जाहीर केलं. “कंबर गेलेली आहे. नवरदेवाला खाली घ्या. टेम्पो बोलवा.” नवरीकडच्या एका म्हातारीनं रडायलाच सुरुवात केली.

तेवढ्यात माझ्या कानाशी विडीचा वास आला. चाचा. गर्दीतून कधी घुसले कळलंच नाही. माझ्याकडं बघतही नव्हते, घोड्याच्या मानेवर थोपटत, ओठ न हलवता म्हणाले, “साब, मागं घ्यायला बोला.”

“काय?”

“घोडा मागं घ्यायला बोला. तुमी बोला. जोरात.”

का कोण जाणे, मी ओरडलो, “थांबा! घोडा मागं घ्या!”

घोडेवाल्यानं लगाम दाबला. घोडा एक पाऊल मागं गेला, दुसरं गेला, आणि कट् असा आवाज झाला, दाराची कडी निघावी तसा. पाय वाकला. घोडा चालायला लागला. आणि चौकात जो जल्लोष झाला! बँडवाल्यांनी माझ्या नावानं एक तान मारली. नवरदेवाच्या बापानं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात जिलबी कोंबली. मीही मान डोलावत लोकांना समजावून सांगत होतो की घोड्याच्या मागच्या पायात वर गुडघ्याची वाटी असते, ती कधीकधी कडीसारखी अडकते, मागं घेतलं की सुटते. हे मला अर्ध्या मिनिटापूर्वी आठवलं होतं. पुस्तकात होतं सगळं.

चाचा गर्दीच्या मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत शेवटी थांबले.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून विचारलं, “चाचा, तुम्हीच का नाही बोललात?”

त्यांच्या तोंडात तेव्हा एकही खिळा नव्हता. तरी आधी हातातला नाल पेटीत ठेवला. मग म्हणाले, “तुमी त्यांचे डागदर. चौकात तुमची इज्जत गेली, तर उद्या त्यांची म्हैस अडली तरी ते तुमाला बोलावनार न्हाईत. मग म्हैस मरंल. मला म्हशीचं काय कळतं?”

इथं मी पान खातो.

त्यानंतरच्या डिसेंबरातली ती माळेगावची जत्रा. जनावरांच्या शिबिरात माझी ड्यूटी होती. सकाळी दहाच्या सुमारास अप्पांचा गडी मारुती धावत आला. मारुती पन्नाशीचा, हरणीला पोटच्या पोरीसारखं सांभाळणारा माणूस. त्याला धाप लागली होती. “साहेब, हरणी पाय टेकवंना!”

मी गेलो. हरणी तीन पायांवर उभी होती, उजवा मागचा नुसता टोकावर. अप्पा लालबुंद. भोवती घोडेवाल्यांचं कडं, लातूरचे, नांदेडचे, बिदरकडचे. जाणकार डोळे. दुपारी स्पर्धा. असं थिएटर माणसाला रोज मिळत नाही, आणि मी, काय सांगू, मी खुलून गेलो.

“लांब चालवा!” मी ओरडलो. मागून पाहिलं. “खुबा बघा, खुबा! उजवा मागचा!” कड्यातून दाद आली. “आता कडक जमिनीवर!” लंगडणं वाढलं. मी बाही सरसावून उलटा हात खुराला लावला, आणि खूर गरम होतं, चांगलंच गरम. मी डोळे मिटले. थोडा वेळ मिटूनच ठेवले. मग हळूच विचारलं, “नाल कधी ठोकला?”

“चार दिवस झाले की,” अप्पा म्हणाले.

“कुणी?”

अप्पांनी वळून पाहिलं. चाचा दरवर्षीप्रमाणं जत्रेत नालबंदांच्या रांगेत बसायला आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून तेही कड्याच्या मागं येऊन उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

मी खूर उचललं. तळवा वाळलेल्या शेणामातीनं लिंपल्यासारखा भरला होता. तो साफ करायला गुडघे टेकून बसावं लागतं, पाचेक मिनिटं तरी. त्या दिवशी मी तीच पांढरी पँट घातली होती. मी गुडघे टेकले नाहीत. उभ्याउभ्या वाकून पक्कड खिळ्यांच्या जागी दाबली. हरणीनं पाय ओढला. पुन्हा दाबली, पुन्हा ओढला.

गर्दीच्या मागून फक्त एक शब्द आला. “शेजारी, साब?”

मी तो ऐकला. आजही शपथेवर सांगतो, मला स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्या पायाला पक्कड लावायला दहा सेकंदं लागली असती. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “नालबंद डॉक्टरला शिकवून राहिला!” आणि लोक हसले. मला ते हसणं माझ्यावर आल्यासारखं वाटलं.

“चाचा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “पुरावा समोर आहे. खिळा लागलाय.”

मग नाल उपटून काढला. अप्पांनी तो माझ्या हातातून घेतला आणि चाचांच्या पायाशी फेकला. “बारा वर्षं माझ्या दारात नाल ठोकून राहिलास पाशा! आन मला चुप म्हणतोस? चार माणसांत? तुझ्या खिळ्याला तूच आईक आता!”

चाचांनी तो नाल उचलला, खिशातल्या रुमालानं पुसला. एक एक भोक बोट लावून पाहिलं. पेटीत ठेवला आणि गेले. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. मी तयार होतो, पुढचं वाक्यही तयार होतं.

घोडी स्पर्धेतून काढायला डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. कारणासकट. मी लिहिली. ती मंडपात गेली आणि थोड्या वेळानं भोंग्यावर वाचली गेली, साऱ्या जत्रेत: शिरूर अनंतपाळची हरणी, नालबंदाचा खिळा लागल्यामुळं बाद. नालबंदांच्या रांगेतही भोंगा ऐकू येत होता. तिथं चाचा त्या वेळी कुणाच्या तरी बैलाचं खूर मांडीवर घेऊन बसले होते. तो शेतकरी उठला, बैलाचा कासरा सोडवून घेतला आणि पुढच्या नालबंदाकडं गेला. हे मला मारुतीनं नंतर सांगितलं.

घोडी गावी आणली. मी रोज इंजेक्शन देत होतो. लंगडणं कमी होईना. पाचव्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला चाचा आत आले. भिंतीपलीकडचा माणूस तीन वर्षांत पहिल्यांदा दारातून आत आला. त्यांनी टेबलावर एक काडेपेटी ठेवली.

उघडली तर आत कापसावर बाभळीचा काटा. अर्ध्या बोटाएवढा, काळा पडलेला.

“अप्पा लातूरला गेले होते,” ते म्हणाले. “मारुतीनं बोलावलं. म्हणाला, चाचा, माजी हरणी मरून राहिली. मी तळवा साफ केला, साब. खुराच्या मधी मऊ गादी असते, तिच्या बाजूच्या घळीत एक काळा ठिपका होता. तीळ असावा एवढा. वाकड्या चाकूनं उघडलं. पू आला, लई आला. मग हा आला.”

“म्हणजे खिळा...”

“सगळे खिळे कडक बोलले होते, साब.” मग काडेपेटी माझ्याकडं सरकवून, “भोंग्यावर बोलले, ते बोलले. तिथं आता कुटं जानार. तुमी फक्त अप्पासमोर बोला. चार माणसं असतील तेव्हा. येवढं बास.”

त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट.

“हो चाचा,” मी म्हणालो. “उद्या सकाळीच जातो. शब्द देतो.”

“मी आलतो असं सांगू नका, मारुतीला तरास होईल. तुमीच साफ केलं, तुमालाच काटा दिसला, असं बोला. चालंल.” पाहा. स्वतःचं नाव धुऊन काढायलाही त्यांनी श्रेय मलाच देऊ केलं होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: अप्पा, मी चुकलो होतो.

सकाळी मी गेलो. काडेपेटी शर्टाच्या खिशात. वाटेत वाक्य घोळवत होतो, आणि खरं सांगतो, त्यातही नाट्य भरत होतो. दारातून आत गेलो तर हरणी अंगणात चारी पाय टेकून उभी, गवत खात. आणि अप्पा! अप्पा ओसरीवरून हात पसरून आले. “याला म्हणतात डॉक्टर! पाच इंजेक्शनात घोडी उभी केली! नालबंदानं मारलेली घोडी जिवंत केली!” ओसरीवर बाजारातले आठ-दहा व्यापारी चहा पीत होते. चार माणसं हवी होती. त्याहून जास्तच होती. अप्पांनी आतून शाल मागवली. नारळ मागवला. खांबाजवळ मारुती उभा होता आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघत होता.

मी तोंड उघडलं. “अप्पा,” मी म्हणालो, “ते असं आहे की...”

शाल खांद्यावर पडली. चांगली शाल होती, जरीची किनार.

“...जनावर नशिबाचं होतं,” मी म्हणालो.

दवाखान्याकडं परतताना मला लिंबाच्या झाडापुढून जावं लागणार होतं. दुसरी वाट नव्हती. चाचा उकिडवे बसले होते. त्यांनी शाल पाहिली. नारळ पाहिला. मग सवयीनं नजर खाली गेली, माझ्या पायांवर. मी चालत राहिलो आणि निकालाची वाट बघत राहिलो. डावा मागचा म्हणतील, उजवा म्हणतील, मान म्हणतील. काहीच म्हणाले नाहीत. बाजारातल्या कुत्र्याच्या चालीवरही बोलणारा माणूस माझ्या चालीवर गप्प बसला.

त्यानंतर घोडी-घोडे उदगीरच्या नालबंदाकडं जायला लागले. एक-दोन बैल यायचे, तेही लांबच्या वाडीचे, ज्यांनी भोंगा ऐकला नव्हता. चाचांनी ऐरणीशेजारी सहाण मांडली आणि विळ्या-कोयत्यांना धार लावायला सुरुवात केली. धार लावताना तोंड रिकामं असतं. तरी ते बोलायचे नाहीत. मी भिंतीवरून रोज “सलाम चाचा” म्हणायचो. “सलाम साब.” रोज. एक दिवसही चुकवलं नाही त्यांनी. पुढच्या वर्षी माझी उमरीला बदली झाली, आणि मी, काय लपवायचं, ती मागून घेतली होती.

गेल्या पावसाळ्यात मारुतीचा फोन आला. चाचा गेले. म्हणून हे लिहिलं. अप्पांना आता चष्मा लागतो पण ते वाचतात, आणि त्यांच्या ओसरीवर अजून माणसं बसतात. त्या सगळ्यांसाठी, आणि ज्यांनी भोंगा ऐकला त्यांच्यासाठी: हरणीच्या उजव्या मागच्या पायात बाभळीचा काटा होता. मी तळवा साफ केला नाही. दुसऱ्या पायाला पक्कड लावली नाही. चांदपाशा नालबंदांनी ठोकलेला प्रत्येक खिळा जागेवर होता. काटा त्यांनी काढला. शाल मी घेतली. काटा माझ्या कपाटात आहे, कुणालाही येऊन बघता येईल.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात, माळेगावलाच. मी जत्रेला गेलो होतो, अप्पांनी मला आपल्या तंबूत बोलावून बसवलं होतं. अप्पा थकलेले, पण गर्दी तशीच. चाचा आले. हातात पेटी नव्हती. नुसते घोड्यांच्या चाली बघायला आले होते. अप्पांनी त्यांना पाहिलं आणि हसत हसत बाकीच्यांना म्हणाले, “हा बघा, आमचा पाशा! ह्याच्याच खिळ्यानं माझी हरणी बाद झाली होती.” आता राग नव्हता त्यात. आता तो विनोद झाला होता, दरवर्षी सांगायचा. सगळे हसले. चाचाही हसले.

मी उठलो. खरंच उठलो. “अप्पा,” म्हणालो, “तो खिळा नव्हता. त्या दिवशी मीच...”

“अप्पा!” चाचांचा आवाज मध्येच आला, इतका मोठा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “डागदरसाब उन्हात फिरून आलेत. तोंड बघा कसं झालं. पैले चहा बोला!”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वरातीत घोड्याच्या मानेवर थोपटताना होते, तेच डोळे. चौक होता, माणसं होती, मी त्यांचा डागदर होतो. डोळ्यांनी एवढंच सांगितलं आणि त्यांनी नजर काढून घेतली.

ते मला वाचवत होते. मला नको म्हणता आलं असतं. दोनच शब्द बाकी होते. मी खाली बसलो. चहा आला.

चाचा सगळ्यांना सलाम करून निघाले, घोड्यांच्या दोन रांगांमधून, कडक जमिनीवरून. मी मागून बघत होतो. चार पावलांत दिसलं. उजवा खुबा दर पावलाला झटक्यानं वर उडत होता.

उजवा मागचा. आणि सुरुवात खालून करायची, गुडघे टेकून, पाय मांडीवर घेऊन. सगळं मला येत होतं. त्यांनीच शिकवलेलं. ते घोड्यांच्या आड दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो, हातात अप्पांचा चहा धरून.